जठराच्या शस्त्रक्रियेआधी शिरेतून लोह : पार्श्वभूमी

जठरातली गाठ दुखण्याआधी बऱ्याचदा रक्तातून कळते. तिच्यातून थोडं थोडं रक्त झिरपत राहतं, शौचाला डांबरासारखं काळं होतं, एक जिना चढताना धाप लागते आणि रिपोर्टात हिमोग्लोबिन ८ दिसतं. मग शस्त्रक्रियेआधी रक्ताच्या पिशव्या चढवायच्या, हीच वर्षानुवर्षांची रीत.

१८८१ साली थिओडोर बिलरॉथ यांनी व्हिएन्नात कर्करोग झालेला जठराचा भाग पहिल्यांदा यशस्वीपणे काढला, तेव्हा रक्तगटसुद्धा माहीत नव्हते. ते त्याच शहरात कार्ल लँडस्टायनर यांनी १९०१ साली मांडले. पुढे रक्त देणं सोपं झालं आणि त्याची सवयच लागली.

रक्ताऐवजी शरीराला नवं रक्त बनवायला शिरेतून लोह देणं तेव्हा धोक्याचं वाटे, आणि ते उगाच नव्हे. १९५० च्या दशकातल्या आयर्न डेक्स्ट्रान या लोहाच्या औषधामुळे काहींना जीवघेणी ॲलर्जी झाली. ती भीती डॉक्टरांच्या मनात कित्येक वर्षं घर करून होती. आयर्न सुक्रोज त्यामानाने सुरक्षित, पण एका वेळी साधारण २०० मिलिग्रॅमच. गरज किती असते? ५० किलो वजन, हिमोग्लोबिन ८, न्यायचं १५ वर : लोहाची गरज काढायच्या गॅन्झोनींच्या सूत्राने १३४० मिलिग्रॅम. म्हणजे सहा-सात खेपा. २००७ नंतर युरोपात फेरिक कार्बोक्सिमाल्टोज हे लोहाचं नवं औषध आलं आणि १००० मिलिग्रॅम पंधरा मिनिटांत देता येऊ लागलं.

मग गोळ्या का नकोत? २००० च्या सुमारास हेप्सिडिन सापडलं आणि याचा उलगडा झाला. कर्करोगात शरीरात दाह असला की हे संप्रेरक वाढतं आणि आतड्यातून लोह रक्तात जाण्याची वाटच अडवतं. गोळी पोटात जाते, उपयोग मात्र फारसा होत नाही.

पुरावा अजून एकसारखा नाही, हे मोकळेपणाने सांगायला हवं. कोरियात जठर काढल्यानंतर रक्त कमी झालेल्या ४५४ रुग्णांवरच्या चाचणीत (२०१७) बाराव्या आठवड्याला शिरेतून लोह दिलेल्यांपैकी ९२ टक्क्यांना अपेक्षित फायदा झाला, इतरांत ५४ टक्क्यांना. पण ती शस्त्रक्रियेनंतरची गोष्ट. ब्रिटनच्या २०२० मधल्या चाचणीत पोटाच्या मोठ्या शस्त्रक्रियांच्या १० ते ४२ दिवस आधी लोह दिलं. हिमोग्लोबिन वाढलं, तरी रक्त द्यावं लागण्याचं किंवा मृत्यूचं प्रमाण घटलं नाही.

माझ्या मते खरा प्रश्न वेळेचा आहे. नवं रक्त तयार व्हायला काही आठवडे लागतात. आता जठराच्या कर्करोगात पुष्कळदा आधी केमोथेरपी देतात. दर दोन आठवड्यांनी एक, अशा चार फेऱ्या. तेवढे दोन महिने हाताशी असतात, फक्त फेरिटिन, म्हणजे शरीरातल्या लोहाचा साठा, पहिल्याच दिवशी तपासलेलं असायला हवं.