मांजर घरात की बाहेर, हा वाद आला कुठून?

आज यावरून लोक पार हमरीतुमरीवर येतात, पण मांजर कायम घरात ठेवणं ही गोष्टच तशी नवीन आहे. साधारण १०,००० वर्षांपूर्वी पश्चिम आशियात माणूस धान्य साठवायला लागला, धान्यामागे उंदीर आले न उंदरांमागे रानमांजरं, आणि ती तिथेच रुळली. सायप्रसमध्ये साडेनऊ हजार वर्षांपूर्वीची एक कबर सापडलीये, त्यात माणसाशेजारी मांजर पुरलेलं आहे. म्हणजे जीव तेव्हापासूनच लागलेला, पण त्याचं काम मात्र कोठारात न अंगणात, त्याला घरात डांबून करणार काय?

आणि डांबलं तरी शी-शू कुठे करणार? वाळू नाहीतर चुलीतली राख, एवढंच हाताशी होतं न घरभर वास. १९४७ साली अमेरिकेत एडवर्ड लो नावाच्या माणसाकडे शेजारीण मांजरासाठी वाळू मागायला आली, त्याने तिला ओल शोषणारी दाणेदार माती दिली. तेच पुढे ‘किटी लिटर’ म्हणून विकलं गेलं. माझ्या मते या सगळ्या इतिहासात ही माती सर्वात महत्त्वाची, कारण लिटर नसतं तर आज फ्लॅटमध्ये मांजर पाळणं कोणाला जमलंच नसतं. नसबंदी सर्रास व्हायला लागली, तयार खाणं मिळायला लागलं, तेव्हा उरलीसुरली अडचणही गेली.

मोकळी मांजरं पक्षी मारतात, हा मुद्दा मात्र तेव्हाही होताच. १९४९ मध्ये इलिनॉय राज्यात मांजरं मोकळी सोडू नयेत असं विधेयक मंजूर झालं होतं, पण गव्हर्नर अ‍ॅडलाय स्टीव्हन्सन यांनी ते अडवलं, थोडंफार एकटं भटकणं हा मांजराचा स्वभावच आहे म्हणाले. पुढे २०१३ च्या एका अभ्यासात अंदाज आला की एकट्या अमेरिकेत मांजरं वर्षाला १३० ते ४०० कोटी पक्षी मारतात. यातले बहुतेक बेवारशी मांजरांनी मारलेले, हे वाद घालताना कोणी सांगतच नाही आणि मला त्याचं खरंच वाईट वाटतं.

जर्मनीतल्या वॉलडॉर्फने २०२२ मध्ये चंडोल पक्ष्यांच्या विणीच्या काळापुरती मांजरं घरात ठेवायला लावली. कॅनबेरात तर १ जुलै २०२२ नंतर जन्मलेलं मांजर मोकळं सोडताच येत नाही, पण त्याआधीच्यांना बऱ्याच भागांत सूट आहे. बाहेरची सवय लागलेल्या मांजराला म्हातारपणी कोंडायचं नाही, हे मला फार पटलं.