नावात पासष्ट, पण साल कोणतं?

फेंडर कंपनीचा '६५ डिलक्स रिव्हर्ब' नावाने विकला जाणारा गिटार अँप्लिफायर १९६५ साली बनलेला नसतो. आपल्या गाजलेल्या जुन्या मॉडेलांच्या नव्या आवृत्त्या कंपनीने १९९०च्या दशकात बाजारात आणल्या आणि जुनं साल थेट नावात घातलं. काळी पट्टी, तिच्यावर आकडे असलेली काळी बटणं, पुढे रुपेरी चमक असलेलं कापड. लांबून पाहिलं तर खरा १९६५चा आणि हा, दोघे सख्खे भाऊ. आत मात्र एकात हाताने एकेक तार जोडून केलेलं काम आहे आणि दुसऱ्यात छापील सर्किट बोर्ड. किमतीतला फरक त्याहून मोठा, म्हणूनच जुना अँप विकत घेणाऱ्याला वयाचा प्रश्न सोडवल्याशिवाय गत्यंतर नसतं.

या जुन्या अँपचं काळीज म्हणजे ट्यूब, आपल्याकडचा व्हॉल्व्ह. काचेच्या निर्वात नळीत एक तापवलेला कॅथोड इलेक्ट्रॉन सोडतो, समोरची प्लेट ते ओढून घेते आणि मधली बारीक जाळी, ग्रिड, त्या प्रवाहावर ताबा ठेवते. गिटारच्या तारेतून आलेला क्षीण सिग्नल ग्रिडवर दिला की प्लेटवर तोच मोठा होऊन मिळतो. रेडिओतून ही नळी ट्रान्झिस्टरने कधीच हद्दपार केली. गिटारवाल्यांनी ती सोडली नाही, कारण कुवतीपलीकडे ताणल्यावर तिचा आवाज ज्या तऱ्हेने फाटतो तेच त्यांना हवं असतं.

कॅलिफोर्नियातल्या फुलर्टन गावात लिओ फेंडरच्या कारखान्यातून बाहेर पडलेल्या अँपचं दशक अंगावरच्या कपड्यावरून ओळखता येतं. १९५०च्या दशकात पिवळसर ट्वीड कापड, १९६०नंतर तपकिरी आणि फिकट आवरणं, १९६३-६४पासून काळी पट्टी, १९६८च्या सुमारास चंदेरी पट्टी. कापड मात्र नवं चढवता येतं, पट्टी बदलता येते, त्यामुळे यावर विसंबून पैसे मोजू नयेत. चेसिसवरचा, म्हणजे सर्किट बसवलेल्या धातूच्या सांगाड्यावरचा, अनुक्रमांकही वाटतो तितका बोलका नाही. क्रमांक ठोकलेले चेसिस ढिगातून हाताला येतील तसे उचलले जात. मोठा क्रमांक म्हणजे नंतरचा अँप, असं छातीठोकपणे सांगता येत नाही.

खरी माहिती मिळते खोक्याच्या आतल्या बाजूला चिकटवलेल्या कागदावर. कोणत्या जागी कोणती ट्यूब लावायची याचा तो तक्ता. त्यावर बऱ्याचदा दोन इंग्रजी अक्षरांचा शिक्का असतो. पहिलं अक्षर वर्षाचं: ए म्हणजे १९५१, बी म्हणजे १९५२, असं पुढे जात ओ म्हणजे १९६५. दुसरं महिन्याचं: ए जानेवारी, एल डिसेंबर. तेव्हा 'ओसी' शिक्का म्हणजे मार्च १९६५. ही पद्धत १९६०च्या दशकाच्या अखेरीस बंद पडली. कागद फाटतो, कुणी मुद्दाम काढतो, दुसऱ्या अँपचा आणून चिकटवतो. म्हणून आणखी साक्षीदार लागतात.

ते साक्षीदार फेंडरने बनवलेलेच नव्हते. ट्रान्स्फॉर्मर, स्पीकर, पोटेन्शियोमीटर (बटणामागचा, आवाज कमीजास्त करणारा भाग) हे सुटे भाग बाहेरच्या कारखान्यांतून यायचे आणि अमेरिकन इलेक्ट्रॉनिक उद्योगात त्यांच्यावर एक सामायिक संकेतांक ठोकण्याची पद्धत होती. आधी कारखान्याचा क्रमांक, मग वर्ष, मग आठवडा. ६०६ म्हणजे शूमाखर (ट्रान्स्फॉर्मर), १३७ म्हणजे सीटीएस (पोटेन्शियोमीटर), २२० जेन्सनचे स्पीकर, ४६५ ऑक्सफर्डचे. समजा, एका डिलक्स रिव्हर्बच्या ट्रान्स्फॉर्मरवर ६०६-४-४९ आहे, पोटेन्शियोमीटरवर १३७६४४७ आणि स्पीकरवर ४६५-५०८. ट्रान्स्फॉर्मरचं वर्ष एकच आकडी, ४. ते १९५४, १९६४ किंवा १९७४ यांपैकी काहीही असू शकतं. डिलक्स रिव्हर्ब हे मॉडेल १९६३च्या आधी नव्हतंच, त्यामुळे १९५४ बाद. पोटेन्शियोमीटरवर वर्षाचे दोन आकडे आहेत, १९६४चा सत्तेचाळिसावा आठवडा, म्हणजे नोव्हेंबर. त्याच्या शेजारी ट्रान्स्फॉर्मर डिसेंबर १९६४चा वाचायला हरकत नाही. स्पीकर फेब्रुवारी १९६५चा. तिन्हींत शेवटचा स्पीकर, म्हणजे हा अँप जोडला गेला तो फेब्रुवारीत किंवा त्यानंतर. तक्त्यावर 'ओसी' असेल तर सगळे एका सुरात बोलले म्हणायचं.

तर्क असा की सर्वांत नंतर बनलेल्या मूळ भागाची तारीख हीच अँपच्या जन्माची सर्वांत आधीची शक्य तारीख. अँप त्याच्या आधीचा असूच शकत नाही. किती नंतरचा, हे मात्र यावरून ठरत नाही, कारण सुटे भाग गोदामात पडून राहतात. १९६६ साली ठोकलेले पोटेन्शियोमीटर फेंडरच्या १९६९पर्यंतच्या गिटारींत सापडतात. पुराणवस्तुशास्त्रात हेच चालतं. १९०६ साली नाशिकजवळ जोगळटेंभीला चांदीच्या १३,०००हून अधिक नाण्यांचा साठा मिळाला. नाणी क्षत्रप नहपानाची, पण त्यांतल्या बहुसंख्य नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपला ठसा पुन्हा मारलेला. साठा पुरला गेला तो त्या दुसऱ्या ठशानंतर, मग खालचं नाणं कितीही जुनं असो. अँपमध्येही असे दुसरे ठसे असतात, आणि ते ओळखण्यातच अर्धं कौशल्य आहे.

वय कळलं म्हणजे आवृत्ती कळली असंही नाही. तक्त्यावर 'एबी७६३' असं छापलेलं असतं. यातलं ७६३ म्हणजे सातवा महिना, १९६३. एए ही पहिली सुधारणा, एबी दुसरी. ही तारीख सर्किटच्या आराखड्याची आहे, तुमच्या हातातल्या अँपची नव्हे. मार्च १९६५च्या आपल्या डिलक्स रिव्हर्बवर एबी७६३ असणं अगदी रास्त. त्याआधीच्या ट्वीड काळातली पद्धत वेगळी होती: बासमन अँपच्या '५एफ६-ए'मध्ये ५ म्हणजे १९५०चं दशक, एफ म्हणजे सुधारणेचा टप्पा, ६ म्हणजे बासमन हे मॉडेल. लंडनमध्ये जिम मार्शलच्या दुकानात १९६२ साली जो पहिला मार्शल अँप तयार झाला, त्याचं सर्किट जवळजवळ याच ५एफ६-एवरून उचललेलं होतं.

जानेवारी १९६५मध्ये सीबीएस या अमेरिकन प्रसारण कंपनीने फेंडर कंपनी १ कोटी ३० लाख डॉलरला विकत घेतली. तेव्हापासून 'सीबीएसच्या आधीचा' हे शब्द जाहिरातीत आले की किंमत चढते. मला यात व्यापार जास्त आणि विज्ञान कमी दिसतं. एबी७६३ची काळ्या पट्टीची डिलक्स रिव्हर्ब विक्रीनंतरही १९६७पर्यंत बनत राहिली. मालक बदलला त्या दिवशी इलेक्ट्रॉनांना कुणी कळवलं नव्हतं. पट्टीवरचं 'फेंडर इलेक्ट्रिक इन्स्ट्रुमेंट कंपनी' हे जुनं नावसुद्धा लगेच गेलं नाही, १९६५मध्ये ते सावकाश बदललं. आवाजाला हात लागला तो नंतर. ट्विन रिव्हर्बचा 'एसी५६८' हा मे १९६८चा आराखडा घ्या. स्पीकरला ताकद पुरवणाऱ्या पॉवर ट्यूबमधून शांत अवस्थेत किती प्रवाह वाहावा हे ठरवणारी बायसची सोय त्यात बदलली. आधी तो प्रवाह कमीजास्त करता यायचा. आता दोन्ही बाजूंच्या ट्यूब एकमेकींशी जुळवण्यापुरताच स्क्रू उरला. शिवाय नको ती कंपनं दाबायला ट्यूबच्या ग्रिडवर छोटे कपॅसिटर आले. वादकांना हा बदल रुचला नाही, आणि गेली कित्येक वर्षं दुरुस्ती करणारे हे कपॅसिटर काढून, बायस जुन्या पद्धतीची करून देतात. त्यामुळे चंदेरी पट्टीचा १९६८चा अँप आतून १९६३चा असू शकतो. उलट, गोदामात उरलेले जुने तक्ते पुढच्या अँपमध्ये वापरले गेल्यामुळे कागदावर एबी७६३ आणि आत भलतंच, हेही घडतं. शेवटी आराखडा समोर ठेवून एकेक रेझिस्टर-कपॅसिटर ताडून पाहावा लागतो.

ते पाहताना डोळा ठेवावा डागांवर. कारखान्यात सोल्डर केलेल्या जोडांवर साठ वर्षांत मंदपणा येतो. मधेच एखादा जोड लख्ख दिसला की तिथे नंतर कुणीतरी हात घातला आहे. काही भाग बदललेले असणारच, आणि असावेतच. इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरच्या आतलं द्रावण सुकतं, मग गुणगुण सुरू होते. कार्बनचे जुने रेझिस्टर ओल शोषून ओम वाढवत जातात. 'सगळे भाग मूळचे' असं अभिमानाने सांगणारा विक्रेता कपॅसिटरबद्दलही तेच सांगत असेल, तर तो खर्च तुमच्या माथी आहे एवढंच समजावं. ट्यूबवरून वय काढण्याचा तर विचारच नको, त्या बल्बसारख्या बदलल्या जातात.

चेसिस मात्र माहितगाराकडूनच उघडून घ्यावा. डिलक्स रिव्हर्बच्या आराखड्यात ६व्ही६ ट्यूबच्या प्लेटवर ४१५ व्होल्ट लिहिलेले आहेत, आणि प्लग काढल्यानंतरही कपॅसिटर तो भार धरून बसू शकतात. तक्ता, ट्रान्स्फॉर्मर आणि स्पीकर यांवरचे आकडे सुदैवाने केवळ मागची फळी काढून वाचता येतात, कारण या अँपमध्ये चेसिस वर टांगलेला असतो.

परदेशातून असा अँप घेऊन येणाऱ्यांनी फळी काढण्याआधी दोन गोष्टी पाहाव्यात. वायरीला दोनच पिना असतील, तर वायर बहुधा जुनीच आहे. अशा अँपमध्ये विजेची एक तार आणि चेसिस यांच्यामध्ये एक कपॅसिटर असतो. तो आतून शॉर्ट झाला की चेसिस आणि गिटारच्या तारा थेट विजेला जोडल्या जाऊ शकतात, आणि माइकला ओठ लावणारा गायक मधला दुवा बनतो. तो कपॅसिटर काढून अर्थिंगची तीन पिनांची वायर लावल्याने अँपचा 'मूळपणा' कमी झाला असं म्हणणाऱ्याशी वाद घालू नये, वायर बदलून घ्यावी.

दुसरी गोष्ट पाठीमागची अक्षरं: ११७ व्होल्ट, ६० सायकल. आपल्याकडे २३० व्होल्ट, ५० हर्ट्झ. स्टेपडाउन ट्रान्स्फॉर्मर व्होल्ट उतरवतो, हर्ट्झ बदलत नाही. कमी हर्ट्झला प्रत्येक अर्धं आवर्तन लांबतं, तेवढा जास्त वेळ ट्रान्स्फॉर्मरचा लोखंडी गाभा चुंबकित होत राहतो. व्होल्ट तेच ठेवले तर गाभ्यातलं चुंबकीय क्षेत्र ६० भागिले ५०, म्हणजे २० टक्क्यांनी वाढतं. गाभ्यात तेवढी सवड ठेवलेली नसेल तर तो संपृक्त होऊ लागतो, रिकामाच जास्त प्रवाह ओढतो आणि तापतो. निर्यातीसाठी वेगळे ट्रान्स्फॉर्मर बसवलेले अँपही फेंडरने बनवले. तेव्हा भारतात एखादा जुना फेंडर थेट २३० व्होल्टवर चालताना दिसला, तर ट्रान्स्फॉर्मरवरचा संकेतांक वाचावा: ६०६ने सुरू होऊन वर्ष-आठवडा बाकीच्या भागांशी जुळत असेल तर तो बहुधा कारखान्यातूनच तसा निघाला आहे, नाहीतर मूळ ट्रान्स्फॉर्मर बहुधा कधीतरी बदलला गेला आहे.