गावात किंवा शेतात घरगुती वेधशाळा बांधायची तर कोणती परवानगी, कोणते कागद?

दुर्बीण घ्यायच्या आधी सातबारा काढा. उलटं वाटेल, पण घरच्या वेधशाळेचं गाडं आरशाच्या व्यासावर अडत नाही, जमीन कोणत्या प्रकारात मोडते त्यावर अडतं. तुम्ही रात्री शनीची कडी बघता की मृगातला तेजोमेघ, याच्याशी ग्रामपंचायतीला आणि तहसीलला काही घेणंदेणं नाही. त्यांच्या लेखी ती दहा बाय दहाची एक खोली, फक्त छप्पर सरकणारं. अर्जातही तेच लिहावं. मी पहिल्या अर्जात हौसेनं ‘खगोल वेधशाळा व अभ्यास केंद्र’ असं लिहिलं, तर संस्थेचा नोंदणी दाखला आणा म्हणून सांगण्यात आलं. दुसऱ्या अर्जात ‘सरकत्या छपराची खोली, वैयक्तिक वापर’ लिहिलं आणि कागद पुढे गेला.

जागा गावठाणात असेल तर सगळ्यात सोपं. १६०० चौरस फुटांपर्यंतच्या भूखंडावर बांधकाम असेल तर मालकीचा कागद, जागेचा व बांधकामाचा नकाशा, परवानाधारक अभियंत्याचं प्रमाणपत्र आणि शुल्काची पावती ग्रामपंचायतीत सादर करायची असते. त्यापुढे ३२०० चौरस फुटांपर्यंत ग्रामपंचायतीकडून बांधकाम प्रारंभ प्रमाणपत्र घ्यावं लागतं, नगररचनाकाराकडे जावं लागत नाही. नमुना ८ चा (घराच्या कर आकारणीचा) उतारा आणि घरपट्टी भरल्याची पावती मात्र आधीच काढून ठेवा. थकबाकी असली की अर्ज तिथेच थांबतो.

पण गावठाणात अंधार कुठला? म्हणून बहुतेकांचा डोळा वावरावर असतो, आणि खरा गुंता तिथेच आहे. गावठाणाच्या हद्दीपासून २०० मीटरच्या आतली जमीन असेल तर महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ चं कलम ४२-ड बघा. रूपांतर कर आणि अकृषिक आकारणी भरून निवासी वापरासाठी तहसीलमधून सनद, म्हणजे परवानगीचा लेखी दाखला, घ्यायची पद्धत होती. या तरतुदींत गेल्या काही वर्षांत सारख्या सुधारणा होत आल्या आहेत, म्हणून तहसीलमध्ये चालू परिपत्रक मागूनच पैसे भरा.

त्याहून लांबच्या शेतात लोक ‘शेतघरा’चा आधार घेतात. संहितेतली शेतघराची व्याख्या स्पष्ट आहे: अवजारं, खत, चारा, माल ठेवायला, जनावरं बांधायला, कास्तकाराच्या कुटुंबाला किंवा गड्याला राहायला. आकाश बघायला नाही. राहत्या शेतघराच्या अंगणात तिवईवर दुर्बीण मांडली तर त्यात बांधकाम असं काहीच नाही. वेगळी खोली उठवायची तर अकृषिक वापराचा रस्ता धरावा, असं माझं मत.

शहरातून येऊन जागा घेणाऱ्यांसाठी दोन अटी. विदर्भाला कुळवहिवाटीचा वेगळा, १९५८ चा कायदा आहे आणि त्याच्या कलम ८९ नुसार शेतकरी नसलेल्या माणसाला परवानगीशिवाय शेतजमीन विकता येत नाही. आणि वेधशाळेपुरते दोन-चार गुंठे तोडून घेऊ म्हणाल तर तुकडेबंदी, म्हणजे ठरावीक क्षेत्राहून लहान तुकडे पाडायला मनाई करणारा कायदा, आडवी येते. स्टॅम्प पेपरवरच्या नुसत्या करारानं यातलं काहीही सुटत नाही.

सातबारा हातात आला की भोगवटादार वर्ग आधी वाचा. वर्ग १ असेल तर पुढे चला. वर्ग २ असेल तर जमीन शर्तीची आहे, सक्षम अधिकाऱ्याच्या परवानगीशिवाय वापर बदलू नका. मग ‘इतर अधिकार’चा रकाना आणि जुने फेरफार. नागपूर, वर्धा, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली या सहा जिल्ह्यांत एक शब्द विशेष शोधायचा: झुडपी जंगल. सर्वोच्च न्यायालयाने २२ मे २०२५ च्या निकालात या जमिनी वनच मानल्या आहेत. बांधाला लागून मोकळी, उजाड, अंधारी टेकडी दिसते, वेधशाळेला अगदी हवी तशी. तिच्यावर एक वीटही ठेवू नका. ताडोबा, मेळघाट, पेंच, बोर यांच्या भोवतालच्या गावांत पर्यावरण-संवेदनशील क्षेत्राची हद्द आपल्या गटापर्यंत येते का, तेही वनविभागात विचारावं.

कागदांची चळत अशी: ताजा सातबारा, ८-अ (खातेउतारा), फेरफार, गाव नकाशा, भूमी अभिलेखची मोजणीची ‘क’ प्रत, आधार, सहहिस्सेदारांचं संमतीपत्र आणि अभियंत्याच्या सहीचा नकाशा. संमतीपत्र सगळ्यात जास्त वेळ खातं, कारण एक चुलतभाऊ हमखास पुण्याला असतो. शासकीय कार्यालयात द्यायच्या प्रतिज्ञापत्राला मुद्रांक लागत नाही, साधा कागद चालतो. तलाठी आता ‘ग्राम महसूल अधिकारी’ झाले आहेत, अर्जावर तेच पदनाम लिहा. बोलताना आपण पटवारीच म्हणणार.

नकाशा काढताना अभियंत्याजवळ स्वतः बसा, कारण अशी खोली त्यानं आधी काढलेली नसते. छप्पर दहा फुटांचं असेल तर ते सरकवायला रुळांना आणखी दहा फूट लागतात, आणि ते खांब-रूळ आपल्याच हद्दीत, हद्दीपासून सोडायचं अंतर राखून दाखवावे लागतात. छप्पर उत्तरेला सरकवू नका. आपल्याकडे विदर्भात ध्रुवतारा क्षितिजापासून जेमतेम २१ अंशांवर असतो, सरकवलेल्या छपरामागे तो झाकला जातो आणि दुर्बिणीचा अक्ष जुळवायची पंचाईत होते. गाव ज्या बाजूला असेल त्या बाजूला सरकवा, दिव्यांना आयता आडोसा होतो. पाया वेगळा दाखवायला सांगा. काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. दुर्बिणीचा खांब मुरूम लागेपर्यंत खोल न्यावा आणि खोलीच्या फरशीपासून इंचभर फट ठेवून सुटा ठेवावा, नाहीतर चालताना चंद्र हलतो. वैशाखातल्या वावटळीसाठी छपराला चारही कोपऱ्यांत कड्या हव्यातच.

वीज. कृषिपंपाच्या जोडणीवरून खोलीत वायर ओढण्याचा मोह टाळा. वीज कायदा २००३ च्या कलम १२६ नुसार तो अनधिकृत वापर ठरतो आणि दुप्पट दराने आकारणी होते. मालकीचा कागद आणि ओळखपत्र जोडून महावितरणकडे घरगुती जोडणीचा वेगळा अर्ज करा. खांब लांब असेल तर बारा व्होल्टची १०० अँपिअर-अवरची बॅटरी आणि सौर पॅनल पुरे. दुर्बिणीची मोटर नि लॅपटॉप मिळून पाचेक अँपिअर घेतात, आठ तासांच्या रात्रीला चाळीस.

शेवटचा अर्ज लोक करतच नाहीत, तो पथदिव्याचा. जानेवारी २०२४ मध्ये महाराष्ट्रातल्या पेंच व्याघ्र प्रकल्पाला देशातलं पहिलं ‘डार्क स्काय पार्क’ (रात्रीचा अंधार जपणारं क्षेत्र) म्हणून मान्यता मिळाली, तेव्हा सिल्लारी परिसरातल्या गावांतले दिवे बदलून उजेड खाली पडेल असे बसवले गेले. तेच उदाहरण देऊन ग्रामपंचायतीकडे आपल्या बाजूच्या दिव्याला झाकण बसवण्याची लेखी मागणी करा. दिवा बंद करा असं लिहू नका, साप-विंचवाचा प्रश्न निघतो आणि तो रास्त आहे. अर्जात खांबाचा क्रमांक टाका, ग्रामसभेच्या आधी द्या आणि दुसऱ्या प्रतीवर पोच घ्या.