यूएसबी अचानक मंद का होते? पार्श्वभूमी

बाहेरची हार्ड डिस्क रखडू लागली की पहिला संशय डिस्कवर जातो. पण कित्येकदा डिस्क धडधाकट असते आणि पाणी जोडणीत मुरत असतं.

१९९६ मध्ये यूएसबीचं पहिलं मानक आलं. माऊस, प्रिंटर, मोडेम यांच्या वेगवेगळ्या पोर्टांचा पसारा आवरणं हा त्याचा हेतू. बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात शिकलेले अजय भट्ट इंटेलमध्ये या कामात अग्रभागी होते. वेग दोनच होते, सेकंदाला १.५ आणि १२ मेगाबिट.

२००० साली यूएसबी २.० नं मजल ४८० मेगाबिटवर नेली, पण जुनं-नवं एकमेकांत चाललंच पाहिजे ही अट कायम ठेवली. आजच्या दुखण्याचं मूळ या अटीत आहे. नवं उपकरण आधी १२ मेगाबिटवालं म्हणूनच हजेरी लावतं, मग खास संकेत देऊन जास्त वेगाची तयारी कळवतं. हबकडून, म्हणजे पोर्ट वाटून देणाऱ्या भागाकडून, प्रतिसाद आला तर ठीक, नाहीतर काम निमूटपणे जुन्याच वेगानं सुरू होतं. त्या वेगानं एक गिगाबाइट हलवायला कागदोपत्रीसुद्धा अकरा मिनिटं लागतात. विंडोज एक्सपी निदान पडद्यावर सूचनेचा फुगा दाखवून 'हे याहून वेगानं चालू शकतं' असं सुचवायची.

२००८ च्या यूएसबी ३.० नं ५ गिगाबिट दिले, तेही प्लगमधल्या जुन्या चार संपर्कांच्या (धातूच्या पट्ट्यांच्या) जोडीला आणखी पाच देऊन. हे पाच नीट टेकले नाहीत, तर तीच डिस्क २.० म्हणून नोंदली जाते. प्लग काढून पुन्हा घट्ट बसवल्यावर वेग वाढतो तो यामुळे; त्यात जादूटोणा नाही. याच ३.० मुळे अनेक बिनतारी उपकरणं वापरतात त्या २.४ गिगाहर्ट्झच्या रेडिओ पट्ट्यात गोंगाट होतो, असं इंटेलनं २०१२ मध्ये दाखवून दिलं. बिनतारी माऊस अडखळत असेल तर त्याचा रिसीव्हर ३.० च्या पोर्टापासून लांब न्यावा.

मग नावांचा घोळ. ५ गिगाबिटवालं ३.० पुढे '३.१ जेन १' झालं, नंतर '३.२ जेन १'. आकडा वाढला, वेग तोच! ग्राहकाची याहून मोठी दिशाभूल क्वचितच झाली असेल.

२०१४ च्या टाइप-सीनंतर तर आकारावरून वेग ओळखणंच संपलं. साधा आयफोन १५ टाइप-सीचा असूनही ४८० मेगाबिटवरच थांबतो, आणि चार्जरसोबतच्या अनेक केबलींची धावही तेवढीच. म्हणून तपासताना आधी केबल बदलावी, मग हब वगळून थेट संगणकाच्या पोर्टात जोडून पाहावं. ड्रायव्हरची, म्हणजे उपकरण चालवणाऱ्या सॉफ्टवेअरची, पाळी त्यानंतर.