लंडन-न्यूयॉर्क: वेळेतला फरक पृथ्वीच्या फिरण्यामुळे नव्हे

लंडनहून न्यूयॉर्कला जाताना विमानाला साधारण ८ तास लागतात, परतताना मात्र ७ तासही पुरतात. अंतर तेच, सुमारे ५,५५० किमी. यावर वर्षानुवर्षे फिरणारं स्पष्टीकरण असं: पृथ्वी फिरते, म्हणून फरक पडतो.

जरा विचार केला तरी यातली गफलत कळते. पृथ्वी पश्चिमेकडून पूर्वेकडे फिरते. विमान हवेत असताना जमीन खालून सरकत असती, तर न्यूयॉर्कच विमानाकडे आलं असतं आणि जाताना कमी वेळ लागला असता. घडतं नेमकं उलट! विषुववृत्तावर पृथ्वीचा वेग ताशी सुमारे १,६७० किमी आहे, पण वातावरणही तिच्याबरोबरच फिरतं. विमान उडतं ते त्या हवेत.

खरं कारण जेट स्ट्रीम. ९ ते १२ किमी उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणारे हे वारे हिवाळ्यात ताशी २०० किमीच्याही पुढे जातात. फेब्रुवारी २०२० मध्ये 'सियारा' वादळाच्या वेळी ब्रिटिश एअरवेजचं बोइंग ७४७ न्यूयॉर्कहून लंडनला ४ तास ५६ मिनिटांत पोहोचलं. जमिनीच्या हिशेबाने वेग ताशी १,३०० किमीच्या वर गेला होता, तरी ध्वनीचा वेग काही ओलांडला नाही, कारण तो मोजायचा भोवतीच्या हवेच्या तुलनेत.

पृथ्वीच्या फिरण्याचा संबंध आहे, पण आडून: उष्ण-थंड हवेतल्या फरकामुळे सुटलेले वारे तिच्या फिरण्यामुळे पूर्वेकडे वळतात. मुंबई-लंडन प्रवासातही म्हणूनच येताना तास-दीड तास वाचतो.