दमयंतीची बाग आणि कळकलेलं ताक

औंधला यमाईच्या डोंगरावर चढताना मध्येच श्री भवानी संग्रहालय लागतं. बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी ते १९३८ साली उभारलं. लोक रविवर्म्याच्या चित्रांपुढे रेंगाळतात आणि लघुचित्रांवरून भराभर पुढे सरकतात. वहीच्या पानाएवढं चित्र लांबून कळणार तरी काय? त्याला नाक काचेला टेकवावं लागतं.

महाभारतातली नल-दमयंतीची गोष्ट पहाडी, म्हणजे हिमालयाच्या पायथ्याच्या संस्थानांतल्या, लघुचित्रकारांची फार लाडकी. १८००च्या आसपास रंगवलेल्या अशा चित्रमालेतली ४७ चित्रं जम्मूच्या अमर महालात आहेत. दमयंती तर आपल्या विदर्भाची लेक! नलाचा निरोप घेऊन हंस तिच्याकडे येतो तो बागेत. आणि बाग म्हटलं की हिरवा रंग आला.

हा हिरवा मोठा अवघड. एक सोय म्हणजे हरताळ नावाच्या पिवळ्या खनिजात नीळ मिसळायची. दुसरी म्हणजे जंगाल. तांब्याच्या पत्र्याला शिरक्याची (व्हिनेगरची) आंबट वाफ द्यायची आणि वर धरलेला हिरवा थर खरवडून घ्यायचा. आमची आजी म्हणायची, "ताक तांब्यात ठिवू नगंस, कळकंल." ते कळकणं आणि हे जंगाल, जात एकच. ताकात लॅक्टिक आम्ल, शिरक्यात ॲसिटिक. तांब्याला दोन्ही झोंबतात.

गंमत पुढेच आहे. जंगालातलं तांबं कागदावर गेल्यावरही गप्प बसत नाही. त्याच्या मदतीने हवेतला ऑक्सिजन कागदाच्या तंतूंतल्या सेल्युलोजच्या लांब साखळ्या तोडत राहतो. दमट हवेत हे आणखी वेगाने होतं. कागद आधी तपकिरी पडतो, मग ठिसूळ होतो. चित्राभोवती जंगालाची चौकट आखलेली असली तर कागद नेमका त्या रेघेवरच तुटतो, आणि आतलं चित्र खिडकीच्या तावदानासारखं निखळून येतं. इराणी चित्रकार जंगालात चिमूटभर केशर घालत. केशरामुळे कागदाची ही झीज मंदावते, असं अलीकडच्या प्रयोगांत दिसलं आहे.

जम्मूकडच्या बसोहलीच्या पहाडी चित्रकारांनी दागिन्यांपुरता वेगळाच हिरवा शोधला. १६६०-७०च्या सुमाराच्या त्यांच्या 'रसमंजरी' या नायक-नायिकांवरच्या संस्कृत काव्याच्या चित्रमालेत नायिकेच्या दागिन्यांतले पाचू रंगवलेले नाहीत, चिकटवलेले आहेत. चकचकीत हिरव्या भुंग्याच्या पंखावरच्या टणक कवचाचे ते बारीक तुकडे. त्यांचा हिरवा रंग मुळात रंगद्रव्याचा नाहीच. कवचात अतिपातळ थर एकावर एक रचलेले असतात; त्यांच्यावरून परतणाऱ्या प्रकाशलहरींपैकी हिरव्या तेवढ्या एकमेकींना बळ देतात. पावसाळ्यात रस्त्यावर सांडलेल्या तेलाचे रंग दिसतात, तसंच हे. त्यामुळे साडेतीनशे वर्षांनंतरही तो पाचू विटलेला नाही. मान जरा तिरकी केली की निळसर मारतो. फोटोत मात्र तो नुसता गडद ठिपका दिसतो.