पाटीवरचा कोड आणि त्यामागची भाषा

करोनाच्या पहिल्या टाळेबंदीनंतर ६ जुलै २०२० पासून भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या अखत्यारीतील स्मारके टप्प्याटप्प्याने खुली होऊ लागली, तेव्हा तिकिटे फक्त ऑनलाइन मिळत होती आणि वाहनतळ, उपाहारगृह येथील पैसेही डिजिटल मार्गानेच भरायचे होते. हातातून हातात काही जाऊ नये, हा त्यामागचा हेतू. पुढे हा विषाणू मुख्यतः हवेतून पसरतो आणि वस्तूंना हात लावल्याने होणारा संसर्ग तुलनेने कमी असतो, हे स्पष्ट झाले. मूळ कारण मागे पडले, तरी या डिजिटल सोयींबरोबर रुळलेले क्यूआर कोड, म्हणजे फोनच्या कॅमेऱ्याने वाचायचे काळ्या-पांढऱ्या चौकटींचे ठसे, मात्र राहिले. ते राहावेत असेच माझे मत आहे, पण वेगळ्या कारणासाठी: स्मारकापाशी लावलेल्या दगडी वा धातूच्या माहितीपाटीवर दोन-तीन भाषांपलीकडे मजकूर मावत नाही, कोडामागे हव्या तितक्या भाषा मावतात.

हा कोड जपानमधील डेन्सो कंपनीच्या मासाहिरो हारा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९४ मध्ये मोटारींच्या सुट्या भागांची नोंद ठेवण्यासाठी तयार केला. त्याच्या तीन कोपऱ्यांतील ठळक चौकोनांच्या मध्यातून कोणत्याही दिशेने रेघ ओढली, तर काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचे प्रमाण १:१:३:१:१ असेच येते. छापील मजकुरात हे प्रमाण क्वचितच आढळत असल्यामुळे कॅमेरा गर्दीतूनही कोड हुडकतो आणि तो तिरका धरला तरी वाचतो. उरलेल्या चौकटींत मूळ माहितीबरोबर तिची गणिती पडताळणीही भरलेली असते. ही रीड-सॉलोमन पद्धत १९६० सालची. तिच्या सर्वांत वरच्या पातळीवर सुमारे ३० टक्के भाग बिघडला तरी माहिती परत मिळवता येते. उन्हापावसात उभ्या राहणाऱ्या पाटीसाठी हीच पातळी निवडणे शहाणपणाचे. मात्र कोपऱ्यातले चौकोनच खरवडले गेले, तर हे गणित उपयोगी पडत नाही, कारण कोड कुठे आहे हेच फोनला कळत नाही.

मग सगळी माहिती कोडातच का भरू नये? सर्वांत मोठा कोड १७७ गुणिले १७७ चौकटींचा असतो आणि त्यात जास्तीत जास्त २,९५३ बाइट (संगणकीय माहितीचे एकक) मावतात. देवनागरीचे प्रत्येक चिन्ह (मात्रा-वेलांटीही वेगळी धरून) साधारणपणे तीन बाइट घेते, म्हणजे हजाराच्या आतच चिन्हे, आणि इतका दाट कोड दोन हातांवरून वाचता येणे कठीण. म्हणून कोडात फक्त संकेतस्थळाचा पत्ता ठेवतात. त्यातही आपल्या लिपीची एक अडचण आहे. इंटरनेटच्या पत्त्यात देवनागरीचे एक चिन्ह नऊ चिन्हांत (रोमन अक्षरे, अंक आणि %) रूपांतरित होते. ‘वेरूळ लेणी’ एवढे नाव घातले की पत्ता ऐंशीहून अधिक चिन्हांनी वाढतो. पत्ता लांबला की चौकटी बारीक होतात. त्यामुळे पाटीवर छोटा पत्ता आणि तेथून पुढे लांब पत्त्याकडे नेणारा सर्व्हर (पाने पुरवणारा संगणक), अशी रचना करावी लागते. तिचा आणखी एक लाभ असा, की उद्या पान दुसरीकडे हलवले तरी पाटी बदलावी लागत नाही.

ही रचना भाषेसाठी कशी वापरता येते, हे क्यूआरपीडिया या उपक्रमाने २०११ मध्ये इंग्लंडमधील डर्बी वस्तुसंग्रहालयात दाखवले. फोन कोणतेही पान मागताना आपली पसंतीची भाषाही कळवतो. ती पाहून सर्व्हर विकिपीडियावरील त्या भाषेतला लेख उघडतो. पुढच्याच वर्षी वेल्समधील मॉनमथ या गावाने इमारतींवर असे कोड लावले, बाहेरच्या जागी सिरॅमिकच्या पाट्या वापरल्या आणि मोफत वायफायही दिले. आपल्याकडे हे जसेच्या तसे चालणार नाही, कारण घरी मराठी बोलणाऱ्या असंख्य लोकांचे फोन इंग्रजीवर ठेवलेले असतात आणि सर्व्हर त्यांना इंग्रजीच पान देईल. म्हणून पानाच्या माथ्यावर भाषांची निवड ठळक द्यायला हवी, आणि मराठी मजकूर इंग्रजीची घाईत केलेली छाया नसावा.

तिकिटाचा कोड याच्या उलट दिशेने चालतो: तेथे पाहुणा कोड दाखवतो आणि दारावरचे यंत्र वाचते. त्याची नक्कल कोणीही काढू शकतो. तो एकदाच चालतो तो सर्व्हरवर ‘वापरले’ अशी नोंद झाल्यामुळे.

जागेचा विचार सहसा शेवटी होतो, तो आधी व्हायला हवा. अजिंठ्यात चित्रांचे रंग टिकावेत म्हणून प्रकाश मंद ठेवतात. तेथे कोड लेण्याबाहेर असावा आणि ध्वनिफीत आधीच उतरवून घेता यावी. एक मीटरवरून वाचायचा कोड सुमारे १० सेंटिमीटर रुंद लागतो. दृष्टिहीन व्यक्तीला तो सापडावा म्हणून त्याला उठावाची कड हवी. स्पर्शविरहित सोयीला येथे स्पर्शाचाच आधार लागतो. खोट्या कोडांचा धोकाही आहे. अमेरिकेतील ऑस्टिन शहरात पार्किंगच्या यंत्रांवर असे स्टिकर चिकटवल्याचे जानेवारी २०२२ मध्ये उघड झाले होते. त्यामुळे कोड कागदावर न छापता पाटीतच कोरावा आणि त्याखाली छोटा पत्ता वाचता येईल अशा अक्षरांत द्यावा, म्हणजे कॅमेरा बिघडलेल्या माणसाला तो टाइप करता येईल आणि इतरांना उघडलेले पान त्याच पत्त्याचे आहे ना, हे ताडून पाहता येईल.